नेटहॅकमधील सोकोबान कसे पार करावे

नेटहॅक या भुयारांच्या संगणकीय खेळात सोकोबान ही धोंडे ढकलण्याच्या कोड्यांची एक बाजूची शाखा आहे. खेळ पूर्ण करण्यासाठी ती आवश्यक नाही, तरीही तेथील बक्षिसामुळे ही वाट सहसा सोडू नये. ओरॅकल (भविष्य सांगणारे पात्र) जिथे असते त्याच्या लगेच खालच्या मजल्यावर वर जाणारा एक जादा जिना असतो. तोच याचे प्रवेशद्वार आहे.

येथे चार मजले असून, प्रत्येकावर धोंडे ढकलून खड्डे किंवा भोके बुजवत पुढच्या जिन्यापर्यंत पोहोचायचे असते. धोंडा ओढता येत नाही आणि तिरका ढकलता येत नाही, त्यामुळे तो भिंतीलगत किंवा कोपऱ्यात गेला की बहुधा कायमचा अडकतो. म्हणून पहिली खेळी करण्यापूर्वी संपूर्ण नकाशा पाहून कोणता धोंडा कोणत्या क्रमाने न्यायचा हे ठरवावे. हवेत तरंगून भोके ओलांडता येतील असे वाटते, पण या खेळाने ती पळवाट आधीच बंद केली आहे.

धोंडा फोडल्यास नशीब (खेळ आतून मोजत असलेला एक आकडा) एका अंकाने घटते. कोडे खरोखरच अडले असेल तर ही किंमत मोजावी, कारण नशिबावर परिणाम करणारा दगड जवळ नसेल तर ते साधारण दर 600 चालींनी एकेका अंकाने पूर्ववत होत जाते. पहिल्या मजल्यावरील मृत्तिकेच्या गुंडाळ्या (वाचल्यावर धोंडे पाडणारे जादुई लेख) मात्र तेथे वाचू नयेत. त्यालाही हाच दंड आहे, आणि बाहेर त्या फार उपयोगी पडतात.

शेवटच्या मजल्यावर झोपलेल्या राक्षसांनी भरलेले दालन लागते. आत न शिरता दारातच उभे राहावे, म्हणजे ते एकेक करून समोर येतात. त्यांच्यामागे सामान हलके करणारी जादुई पिशवी किंवा किरण परतवणारा ताईत, यांपैकी एक वस्तू ठेवलेली असते.