सहाची लोकल: अभंगात, वृत्तात आणि मुक्तछंदात

कवितेच्या संज्ञा नुसत्या पाठ करून हाताला लागत नाहीत. एकच विषय घ्या आणि तो निरनिराळ्या रचनांत बसवून पाहा. इथे दादरची संध्याकाळ घेऊ.

सुरुवात मोठ्या अभंगाने करावी. त्यात अक्षरं मोजली की झालं, ऱ्हस्व-दीर्घ बघावं लागत नाही. चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात.

सहाची लोकल । दादरी थांबली ।
माणसे कोंबली । दारापाशी ॥

'लोकल' पटकन म्हटलं तरी अक्षरं तीनच धरायची. नवख्यांचा हिशेब हमखास इथेच चुकतो.

अक्षरगणवृत्तात लघु-गुरू आलं. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ किंवा अनुस्वाराचं गुरू, दोन मात्रा. म्हणून 'मुंबई'च्या मात्रा पाच. जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात आला तरच ते गुरू: 'गर्दी'तला ग गुरू, 'तुझ्या'तला तु मात्र लघुच. हे मोठ्याने म्हणूनच ठरवावं. तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. 'सहाची' म्हणजे लघु-गुरू-गुरू, अर्थात य गण. तो चारदा आला की 12 अक्षरांचं भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त:

सहाची निघाली, उभा मीच मागे

अक्षर कमी पडलं म्हणून 'हा', 'तो', 'की' कोंबू नका, शब्दच बदला.

गझलेत किमान पाच शेर (दोन-दोन ओळींचे), सगळे एकाच वृत्तात, प्रत्येक शेर स्वतंत्र. 'थांबली होती', 'पांगली होती' यांत शेवटी तसाच परत येणारा 'होती' हा रदीफ, त्याआधीचे यमक जुळणारे शब्द काफिये. तिथे 'गेली होती' चालणार नाही, कारण 'ली'आधीचा अ, म्हणजे अलामत, तुटते.

मुक्तछंद मराठीत रुजवला कवी अनिलांनी, आणि त्यालाही लय आहे. आज सरसकट मुक्तछंद म्हणतात त्यातलं बरंचसं गद्यलयीचं असतं. तिथे सगळी मदार ओळ कुठे तोडता यावर:

दारातला माणूस अजून
उतरलेला नाही

'अजून' खालच्या ओळीत नेलं की साधी बातमी उरते. वर ठेवलं की वाचणारा क्षणभर त्याच्यासोबत दारात लटकतो. लिहून झाल्यावर सगळं सलग एका परिच्छेदात उतरवून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ओळी उगाच तोडल्यात.