बिअर करून उरलेलं माल्ट, हॉप्स, यीस्ट: आधी काय वापरायचं आणि कसं

घरी बिअर करणाऱ्याच्या फडताळात उरलेली पाकिटं असतातच. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) १०० ग्रॅमच्या पाकिटात मिळतात आणि कृतीत लागतात ४०. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव; त्यातलं गडद भाजलेलं चॉकलेट माल्ट अर्धा किलो घ्यावं लागतं आणि वापरलं जातं १५० ग्रॅम. बाकीचं ‘पुढच्या वेळी’ म्हणून ठेवलं जातं आणि तिथेच शिळं होतं. म्हणून आधी नासण्याचा क्रम लावा. गाळून राहिलेला माल्टचा ओला चोथा एका दिवसात आंबतो. उघडलेलं यीस्ट काही दिवसच चांगलं राहतं, भरडलेलं माल्ट काही आठवडे. अख्खं माल्ट हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी वर्षभर टिकतं. हॉप्सना फ्रीझरच हवा.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने १९७८ साली मोकळीक मिळाली, ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे. खालची बिअरची कृती जिथे मुभा आहे तिथल्यांसाठी आहे. स्वयंपाकघरातले उपयोग कुणालाही करता येतील.

चोथ्यापासून सुरुवात करू. त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं, म्हणून तो इतक्या लवकर आंबतो. लगेच वाळवणार नसाल तर घट्ट पिळून अर्ध्या किलोच्या पिशव्यांत फ्रीझ करा. वाळवायचा असेल तर ताटात एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. ओव्हन ९०–१०० अंश सेल्सिअसवर ठेवा, दार किंचित उघडं ठेवा आणि तासातासाने परता. पाच ते सात तास लागतात. दाणा दाताखाली कडकन तुटला की झालं. नुसता चिवट लागला तर आत ओल आहे, आणि असं पीठ डब्यात बुरशी धरतं. एक किलो ओल्या चोथ्याचं साधारण २००–२५० ग्रॅम कोरडं निघतं.

दळल्यावर बारीक चाळणीने चाळा. जवाचं तूस धारदार असतं, घशाला टोचतं. हे पीठ थालीपिठाच्या भाजणीत फार छान जातं: चार वाट्या भाजणीला एक वाटी, त्याहून जास्त नाही. याचा स्टार्च मॅशमध्ये (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवताना) साखर होऊन निघून गेलेला असतो, त्यामुळे पिठात धरून ठेवणारं काही उरत नाही आणि प्रमाण वाढलं की थालीपीठ तव्यावर फाटतं. ते पाणीही जास्त पितं. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग गरजेप्रमाणे आणखी पाण्याचा हात लावा.

न वापरलेलं बेस माल्ट (बिअरचं मुख्य, फिकट माल्ट) म्हणजे वेगळी चीज. मोड आणून, वाळवून केलेल्या नाचणीच्या सत्त्वाचं तत्त्वच यात आहे: अंकुरताना तयार झालेली एन्झाइम (स्टार्चची साखर करणारी प्रथिनं) जिवंत असतात. ती अजून काम करतात का, हे बघायचं असेल तर तांदळाच्या पिठाची घट्ट पेज करा, ६५ अंशांपर्यंत निवू द्या आणि एका वाटीला एक चमचा दळलेलं माल्ट घाला. पंधरा-वीस मिनिटांत पेज पातळ आणि गोडसर झाली तर माल्ट उत्तम. तशीच घट्ट राहिली तर एन्झाइम गेली. पेज उकळती असताना माल्ट घातलं तरीही ती मरतात, म्हणून थर्मामीटर वापरा.

असं जिवंत माल्ट पावाच्या पिठात ५०० ग्रॅम मैद्याला ३ ते ५ ग्रॅम घाला. पाव चांगला फुगतो, वरची कड खमंग तांबूस होते. दहा ग्रॅमच्या पुढे गेलात तर पाव आतून चिकट, कच्चा राहिल्यासारखा होतो आणि कितीही भाजला तरी सुधारत नाही. कच्चं दळलेलं माल्ट दुधात ढवळून पिऊ नका, कच्च्या पिठाइतकेच त्यात जंतू असतात. दुधासाठी माल्टचा कोरडा अर्क वापरा, कपाला दोन चमचे. फक्त पाकिटावर ‘हॉप्ड’ लिहिलेला अर्क नको. या अर्काचा दमट हवेत दगड होतो. उघडलं पाकीट हवाबंद बरणीतच ठेवा.

क्रिस्टल (गोडसर, तांबूस) आणि काळ्या (चॉकलेटसारख्या गडद भाजलेल्या) माल्टमध्ये एन्झाइम नसतात, फक्त रंग आणि चव असते. काळं माल्ट बारीक दळून फिल्टर कॉफीच्या पुडीत चमचाभर मिसळता येतं. पण त्यांचा खरा उपयोग सगळी उरलीसुरली पाकिटं एकत्र करून केलेल्या तपकिरी एल बिअरमध्ये. दहा लिटरसाठी १.८ किलो बेस माल्ट, २५० ग्रॅम क्रिस्टल, १०० ग्रॅम चॉकलेट. क्रिस्टल १५ टक्क्यांच्या वर नेलं तर बिअर चिकट गोड होते; काळं माल्ट ५–६ टक्क्यांच्या वर गेलं तर जळकी. साडेसहा लिटर पाणी ७३ अंशांवर आणून त्यात माल्ट मिसळा, मॅश ६७ अंशांवर स्थिरावेल. तासाभराने ७५ अंशांच्या आठ लिटर पाण्याने धुवून घ्या आणि निघालेला गोड रस, म्हणजे वर्ट, तासभर उकळा. आंबवण्याआधीची घनता (पाण्याच्या तुलनेत) १.०४२ च्या आसपास मिळायला हवी. यीस्ट घालताना थंड केलेलं वर्ट १८–२० अंशांवर असावं.

हॉप्स बदलताना वजन बघू नका, वजन आणि अल्फा टक्के (पाकिटावर लिहिलेलं कडवट आम्लाचं प्रमाण) यांचा गुणाकार बघा. कृतीत ६ टक्क्यांचे ३० ग्रॅम म्हणजे १८०. तुमच्याकडे ९ टक्क्यांचे असतील तर २० ग्रॅम पुरे. वरच्या दहा लिटरला ९ टक्क्यांचे १० ग्रॅम तासभर उकळले की मध्यम कडवटपणा येतो. पाकीट उघडं राहून जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा वास येत असेल तर ते हॉप्स फेकाच, उकळून तो वास जात नाही.

वासाचे चांगले हॉप्स थोडेच उरले असतील तर बिनमद्याचं हॉपपाणी करा. उकळून ७५–८० अंशांवर निवलेल्या एक लिटर पाण्यात आधी दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला, मग ५ ग्रॅम पेलेट (दाबून गोळ्या केलेले हॉप्स). आम्लात कडवटपणा कमी उतरतो, म्हणून लिंबू आधी. वीस मिनिटांनी फडक्याने गाळून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. पिताना निम्मा थंड सोडा घाला. उकळत्या पाण्यात टाकलेत तर काढा होईल.

यीस्टची मुदत संपली असेल तर उकळत्या वर्टमध्ये शेवटची दहा मिनिटं टाका. ते मरतं, पण ताज्या यीस्टचं अन्न होतं. मुदतीतलं अर्धं पाकीट पावाला चालतं, फक्त फुगायला दुप्पट वेळ द्या. बाटलीच्या तळाचा साका मात्र पावात नको, हॉप्समुळे पाव कडू होतो.

घरात कुत्रा असेल तर उकळलेले हॉप्स उघड्या कंपोस्टमध्ये कधीही टाकू नका. कुत्र्यांसाठी ते विष आहे: अंगातला ताप झपाट्याने वाढतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. चोथ्याची बिस्किटं कुत्र्याला देणार असाल तर तो चोथा हॉप्स पडण्याआधी वेगळा काढलेलाच हवा. हॉप्स खाल्ल्याची शंका आली तरी थांबू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.