जुन्या विंचेस्टर ९४ वर अडकून बसलेली पीप साइट कशी काढायची

इथे पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा सीझन जवळ आला की विंचेस्टर ९४ सारख्या जुन्या लिव्हर अॅक्शन (खालची दांडी ओढून गोळी भरायच्या) रायफली कपाटातून बाहेर निघतात आणि मग कुणाला तरी साठ-सत्तर वर्षं जुनी लायमन कंपनीची पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, काढायची असते आणि ती काही केल्या निघत नाही. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, डब्ल्यूडी-४० मारा आणि जोर लावा. प्लीज असं करू नका. तो स्प्रे ओलावा घालवण्यासाठी बनवलेला आहे, गंज फोडायला नाही, आणि अशा कामात जोराने बहुतेक वेळा नुकसानच होतं.

रायफल रिकामी करा, चेंबर आणि नळीतलं मॅगझिन दोन्ही बघा. बट काढून ठेवा आणि रिसिव्हर, म्हणजे साइट जिच्यावर बसवलेली असते ती मधली स्टीलची बॉडी, मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये आडवा पकडा. साइटची सरकणारी पट्टी आधी पूर्ण काढा कारण एखादा स्क्रू तिच्या मागे दडलेला असतो.

आता खरं काम, साइट रिसिव्हरला धरून ठेवणारे ते दोन बारके स्क्रू. हे बहुतेक ६-४८ मापाचे असतात, म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे, आणि त्यांच्या बारीक आट्यांत इतक्या वर्षांचं गन ऑइल सुकून स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसतो तसा चिकट थर झालेला असतो, वर थोडा गंज, आणि आधीच्या मालकाने कधीतरी ग्लू टाकला असेल तर विचारूच नका.

पहिली गोष्ट स्क्रूड्रायव्हर. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो, तो खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतो, जोर लावला की वर उसळतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो, वर रिसिव्हरवर चांगला लांब ओरखडा पण देतो. गनस्मिथ वापरतात तो हॉलो ग्राउंड बिट घ्या, त्याच्या दोन्ही बाजू समांतर असतात. बिट खाचेच्या तळाला टेकला पाहिजे, लांबीला डोक्याइतका पाहिजे आणि खाचेत अजिबात हलता कामा नये. जाड वाटला तर कानशीने घासून बसवा. खाच मळीने भरलेली असते, ती आधी सुईने कोरून काढा. या दहा मिनिटांचा कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया.

मग क्रॉइलसारखं पेनिट्रेटिंग ऑइल, एक-एक थेंब, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

सकाळीही हलला नाही तर उष्णता, पण गॅसची टॉर्च नाही! स्टीलचा रंग साधारण २०० डिग्री सेल्सिअसच्या पुढे बदलायला लागतो आणि ज्योत कुठे किती तापवते यावर आपला कंट्रोल नसतो. वरचं तेल पुसा, चांगल्या वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं धरा. डोकं थोडं काळवंडलं तर काळवंडू दे, स्क्रू नवीन मिळतो, रिसिव्हर मिळत नाही. जरा निवलं की परत एक थेंब, तो आत ओढला जातो. असं तीन-चार वेळा. आट्यांत लाल लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा पक्का ग्लू) असेल तर मात्र वेळ लागतो, ते साधारण २६० डिग्रीला सैल पडतं.

मला सगळ्यात जास्त छळलेला स्क्रू शेवटी ड्रिल प्रेसवर निघाला. मशीनचा विजेचा प्लग काढलेला, स्क्रूड्रायव्हरचा तोच बिट चकमध्ये, हँडल खाली दाबून बिट खाचेत घट्ट बसवायचा आणि चक हाताने फिरवायचा. बिट वर उसळूच शकत नाही, त्यामुळे सगळा जोर फिरवण्यात जातो. आधी केसभर घट्ट करायचा, मग सैल, मग परत घट्ट. सुटताना 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि हाताला कळतं.

डोकंच तुटलं तर ईझी-आउट (तुटलेला स्क्रू ओढून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालू नका, इतक्या बारक्या मापात ते आतच तुटतं आणि ते कडक स्टील मग साध्या ड्रिलने कापता येत नाही. बरोबर मध्यभागी पंच मारून दोनेक मिलिमीटरचं डावखुरं, म्हणजे उलटं फिरून कापणारं ड्रिल चालवा, पुष्कळदा स्क्रू त्याच्याबरोबरच बाहेर येतो. हात स्थिर नसेल तर सरळ गनस्मिथकडे जा.

स्क्रू निघूनही साइट चिकटलेली असेल तर खालून काही घालून उचकटू नका, नायलॉनच्या पंचने बाजूने हलके ठोका. १९६४ नंतरच्या बऱ्याच वर्षांच्या रिसिव्हरवर तर साधं ब्लूइंग (स्टीलला द्यायचा निळसर-काळा थर) नीट धरत नाही, तिथला ओरखडा कायमचा.

भारतात लायसन्सची जुनी रायफल असेल तर यातलं काही घरी करू नका, लायसन्सवाल्या गनस्मिथकडूनच करून घ्या.

साइट फेकू नका, जुन्या लायमनला गिऱ्हाईक असतं. भोकं साफ करून त्यात प्लग स्क्रू लावा, आट्यांना ग्रीसचं बोट. नवीन साइट बसवणार असाल तर निळं लॉकटाइट, तेही अगदी थेंबभर.