टांझानियातली दोन वर्षं: बाराव्या महिन्यात भाषा सोडू नका

टांझानियाला दोन वर्षांच्या मिशनरी सेवेसाठी निघालात तर पहिले तीन महिने जड जातील, हे चर्चच्या मंडळीतलं कुणीही सांगेल. दहाव्या-बाराव्या महिन्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माणूस अडकतो तो तिथेच. घर लागलेलं असतं, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घशाखाली उतरू लागलेली असते, डालाडालाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या बसच्या, कंडक्टरशी भाड्यावरून हुज्जतही घालता येते. स्वाहिली भाषा आली, असं वाटतं. आलेली असते फक्त बाजारापुरती, तीन-चारशे शब्दांची. आणि वाढ तेवढ्यावर थांबते, कारण आता अडत काहीच नाही.

अडत नाही, कारण शेजारी दुभाष्या उभा असतो. पंधरा मिनिटांच्या संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, अर्धा तास लागतो, ते नुकसान सोसता येतं. पण तो तुमचं बोलणं लोकांकडे नेतो, लोकांचं आपसातलं बोलणं तुमच्याकडे आणत नाही. उपासना सुटल्यावर बाहेर झाडाखाली जे बोलणं चालतं, म्हणजे कुणाकडे आजारपण आहे, कुणाचं पाळकांशी बिनसलंय, मदतीचे पैसे कुठे मुरले, ते भाषांतर करून द्यायला कुणी थांबत नाही. शिवाय दुभाष्या जितका चांगला, तितका घातक. तुमचं उदाहरण फसलं की तो गुपचूप स्वतःचं घालतो, लोक हसतात आणि आपला विनोद जमला अशा समजुतीत तुम्ही पुढे जाता. वर्षभर असं चाललं की तुम्ही कायमचे म्गेनी, म्हणजे पाहुणे. त्यांच्यात म्हणच आहे: पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. भाषा येत नसली तर कुदळ कुणी देत नाही, खुर्ची देतात.

मराठी माणसाची फसगत आणखी एका कारणाने होते. पेसा, चाय, चपाती, रंगी, किताबू, दुनिया, लाकी असे शब्द पहिल्याच आठवड्यात ओळखीचे निघतात, उच्चारही लिहिल्याबरहुकूम. पण व्याकरण आफ्रिकेतल्या बांटू भाषाघराण्याचं. आपले प्रत्यय शब्दामागून लागतात, तिथले बहुतेक पुढून: एक किताबू, अनेक विताबू. निनाकुपेंडा या एका शब्दात मी, चालू काळ, तुला आणि प्रेम हे चारही बसलेत. सिकुपेंडी म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम नाही’. शेवटचा स्वर बदलून सिकुपेंडा म्हटलंत की ते ‘मला आवडलं नाही’ असं भूतकाळात जातं.

व्यासपीठावर या स्वरांची किंमत कळते. कुइंबा म्हणजे गाणं, कुओंबा प्रार्थना करणं, कुउंबा निर्माण करणं. तुओंबे म्हणायचं तिथे तुइंबे निघालं की मंडळी डोळे मिटण्याऐवजी गीताची पुस्तकं उघडते. येशूने मेलेल्या लाजराला उठवलं हे अलिम्फुफुआ. त्यातला एक फु गळला की येशूने लाजराला कपड्यासारखा धुऊन काढला. निमेओआ म्हणजे माझं लग्न झालंय, हे पुरुषाने म्हणायचं, बाईने निमेओलेवा. निमेउआ म्हणजे मी जीव घेतलाय. हसू येईल, येऊ द्या. हसणारे लोक दुरुस्त करतात, आदराने गप्प बसणारे करत नाहीत.

घड्याळही वेगळं. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून सा मोजा, म्हणजे ‘एक वाजता’, हे आपले सकाळचे सात. उपासना सा तातूला असेल तर नऊला हजर राहा. सहाचा फरक सवयीचा होईपर्यंत प्रत्येक वेळ दोनदा विचारा. बहुतेक वारांच्या नावात आकडे असतात, तेही शनिवारपासून मोजलेले: जुमामोसी शनिवार, जुमातातू सोमवार.

मोबाइलवरच्या ॲपने शब्द पाठ होतात, कान तयार होत नाही. आणि वीस वर्षं तिथे काढूनही दुभाष्या घेऊन फिरणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांच्याकडून परवान्याची माहिती जरूर घ्या, भाषेबद्दलचा सल्ला घेऊ नका. आठ-नऊ वर्षांची मुलं आणि गेंगेवरची, म्हणजे भाजीच्या टपरीवरची, बाई हे खरे शिक्षक. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज मिशनरी थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि ते पुराण छापलं गेलं 1616 मध्ये. दोन वर्षांत पुराण लिहा असं तुम्हाला कुणी म्हणत नाही, तेव्हा घाबरू नका.

गाडं परत रुळावर येतं, पण रोज सकाळचे दोन तास द्यावे लागतात. शिक्षकाकडून पाच-सहा वाक्यांचा मजकूर घ्या आणि एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने फोनवर ध्वनिमुद्रित करा. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर पंधरा जणांशी बोला. दहा नवे धडे उघडण्यापेक्षा हे बरं. दुभाष्या टप्प्याने सोडा: आधी मुलांचा वर्ग, मग घरची प्रार्थनासभा, व्यासपीठ सगळ्यात शेवटी. पहिला संदेश चारशे शब्दांच्या आत ठेवा आणि लिहून वाचा. 1952 च्या स्वाहिली बायबलचं रोज एक पान मोठ्याने वाचा, मात्र तिची भाषा जुन्या वळणाची आहे, ती बाजारात वापरू नका.

मध्यावर आणखी काही गोष्टी ढिल्या पडतात. हिवतापाच्या गोळ्या त्यात पहिल्या. मेफ्लोक्विन घेत असाल आणि उदासी, भीतीदायक स्वप्नं सुरू झाली असतील, तर विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला कोसण्याआधी डॉक्टरांना गाठा. ते त्या गोळीचे माहीत असलेले परिणाम आहेत. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. सी वर्गाच्या निवास परवान्याची मुदत आजच बघा, आणि पर्यटक व्हिसावर उपदेश करण्याचा शहाणपणा कुणी शिकवला तर ऐकू नका. मायदेशातल्या मंडळीकडून येणारी मदत वर्षानंतर आटते; परतीचं तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा.

रस्त्यावर मुलं मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून हाक मारतील आणि मोठे तुम्हाला दुकानदार समजतील, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला हिंदी माणूस बहुधा गुजराती व्यापारी. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. वडीलधाऱ्यांना शिकामू म्हणा, ते माराहाबा म्हणतील. मंडळीत ब्वाना असिफिवे, म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’, उत्तर अमिना. तेवढ्यावर अर्धा गैरसमज मिटतो.

राहिला दुभाष्या. त्याला एकाएकी मोकळं करू नका, त्या मानधनावर त्याच्या पोरांची फी भागत असते. तेवढ्याच पैशांत त्याला शिक्षक करा: गुरुवारी तुमचा लिहिलेला संदेश तपासायला, आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसून वहीत चुका टिपायला.