फास्ट ब्रीडरचा इतिहास अभ्यासायचा असेल तर आधी सोडियम पाहा

फास्ट ब्रीडर म्हणजे वेगवान न्यूट्रॉन वापरून, जळतं त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी. सुरुवात मेगावॉटच्या आकड्यांपासून करू नका, शीतकापासून, म्हणजे गाभ्यातली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवापासून करा. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि थेट ८८३ अंशांना उकळतं, त्यामुळे जास्त दाब न देताही भरपूर उष्णता वाहून नेतं. शिवाय ते न्यूट्रॉनचा वेग फारसा कमी करत नाही. युरेनियम-२३८ पासून, जळतं त्यापेक्षा जास्त प्लुटोनियम मिळवायला न्यूट्रॉन वेगवानच राहायला हवेत. हवा आणि पाण्याशी मात्र त्याचं हाडवैर.

मग प्रत्येक अणुभट्टीत नेमका कुठला भाग बिघडला ते शोधा. अमेरिकेच्या ईबीआर-१ने १९५१मध्ये स्वतःच्या विजेवर चार दिवे पेटवले. १९५५च्या चाचणीत तापलेल्या इंधनसळ्या आतल्या बाजूला वाकल्या, शक्ती वाढत गेली आणि गाभा अंशतः वितळला. अमेरिकेच्याच फर्मी-१मध्ये १९६६ साली झिर्कोनियमच्या सुटलेल्या पत्र्याने सोडियमची वाट अडवली. जपानच्या मोंजूत १९९५ साली तापमापकाची नळी प्रवाहाच्या कंपनांनी तुटली, तीही जिथे तिचा व्यास एकदम बदलत होता तिथेच. दुय्यम परिपथातून (गाभ्यातून न जाणाऱ्या सोडियमच्या दुसऱ्या फेऱ्यातून) सुमारे ६४० किलो सोडियम सांडलं. एवढीशी नळी!

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या एफबीटीआरकडे (फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर, १९८५ पासून) इंधनाच्या बाजूने पाहा. तिचं प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइड मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालं. कार्बाइडची भुकटी हवेत पेट घेते, म्हणून सगळं काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांत करावं लागतं.