पास्ट टेन्स अडतोय? आधी मराठीत बोलून बघा

आपल्या जळगावकडं 'आय डिड नॉट वेंट' हमखास ऐकू येतं, मीपण तेच म्हणायचो. अरे, डिड आलं की भूतकाळ तिथंच झाला, पुढं साधं गो, प्रश्नातपण तसंच.

बाकी मराठीवरून पकडा, भरीत खाल्लं म्हणजे एट (ईटेड नाही हं, हे पाठच करावं लागतं), खात होतो म्हणजे वॉज ईटिंग, आणि भुसावळला पोचलो तोवर गाडी निघून गेली होती, तर 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड भुसावळ', आधी जे घडलं त्यालाच हॅड. पण खरी गंमत इथं, आपण 'काल धुळ्याला गेलो होतो' सहज म्हणतो, तिथं नुसतं वेंट, हॅड घुसवू नका.