रोझमेरी कुंडीत टिकवायची असेल तर आधी पाण्याचा हात आवरा

रोझमेरी, म्हणजे स्वयंपाकात वापरतात ती सुगंधी पानांची वनस्पती, आपल्याकडे जगतच नाही असं बरेच जण म्हणतात, पण मुळात हे झाड चिवट आहे, भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर वाढणारं. फक्त तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो, आपल्याकडे मात्र उकाडा आणि पाऊस एकत्रच येतात आणि मुळं कुजतात ती तेव्हाच.

बियांच्या नादाला लागू नका, उगवण कमी आणि वेळ फार. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ओळखीच्या कुणाकडून कटिंग घ्या, कोवळ्या फांदीचा १०-१२ सेंमीचा शेंडा, खालची अर्धी पानं काढायची आणि ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवायचं, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. नर्सरीतून रोप आणलंत तर ते बहुतेक कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं, ते पाणी धरून ठेवतं, म्हणून आठवडाभराने कुंडी बदलाच.

कुंडी मातीचीच घ्या, प्लास्टिकची नको. भोकावर खापरीचा तुकडा, मग एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (कुंडीसाठी मिळणारे पांढरे हलके खडे), आणि गांडूळखत मूठभर, जास्त नाही. खत जास्त झालं की झाड लुसलुशीत वाढतं पण वास कमी होतो, आणि वासासाठीच तर लावतोय ना आपण!

ऊन रोज सहा तास तरी पाहिजेच.

आता पाणी. रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, बोट दोन इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच भरपूर घाला, खालून निथळेपर्यंत, आणि बशीत साठलेलं लगेच ओतून द्या. माती ओली असून शेंडे मलूल दिसले तर समजा मुळं कुजायला लागलीत, नेमकं तेव्हाच लोक तहान लागली समजून अजून पाणी घालतात आणि झाड जातं. तसं दिसलं की पाणी बंद, रोप काढून काळी मऊ मुळं कापा, कोरड्या मिश्रणात परत लावा, आणि तेव्हाच दोन-तीन कटिंग बाजूला लावून ठेवा.

जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली किंवा ग्रिलच्या आतल्या बाजूला ठेवा, पण उजेड आणि वारा हवाच, दाटीत ठेवलं तर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि थोडा लिक्विड सोप मिसळून संध्याकाळी फवारा.

छाटणी करताना एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका आणि खालच्या जुन्या, बिनपानांच्या लाकडात कात्री घालू नका, तिथून परत फुटवा सहसा येत नाही. कोवळे शेंडे मात्र येता-जाता खुडत राहा, त्यानेच झाड भरगच्च होतं, आणि बटाटे लोखंडी तव्यावर खरपूस होत आले की शेवटी दोन काड्या टाकून बघाच!